सांगणारे अध्यापक आणि विचारणारे अध्यापक

‘कोचिंग’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. पहिले चित्र क्लासचे : भाड्याच्या जागेत दाटीवाटीने बसलेली मुले, फळ्यावर भराभर उतरणारी उत्तरे, भिंतीवर गतवर्षीच्या यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे. दुसरे चित्र मैदानाचे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज फलंदाजाला बाद करील त्याचे ते नाणे. फलंदाज अखेरपर्यंत टिकला तर ते त्याचे. १९९० साली ‘द्रोणाचार्य’ पुरस्कार मिळालेल्या या प्रशिक्षकाची ही गोष्ट क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्यातला शैक्षणिक आशय क्वचितच कोणी लक्षात घेतो. प्रशिक्षकाला स्वतः बॅट हाती घेऊन शिष्याच्या वतीने धावा काढता येत नाहीत. तो फार तर अशी परिस्थिती निर्माण करू शकतो की, खेळाडूला आपली चूक आपणच शोधावी लागेल. क्लासमध्ये मात्र गुरुजी फळ्यावर धावा काढतात आणि शिष्य त्या उतरवून घेतात.

एकच शब्द इतक्या परस्परविरोधी अर्थांनी वापरला जावा, यात आश्चर्य नाही. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तेथे बनणाऱ्या घोडागाड्या पंधराव्या शतकापासून युरोपभर नावाजल्या गेल्या आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणी घेणाऱ्यास थट्टेने ‘कोच’ म्हणण्यास सुरुवात केली. कारण तो परीक्षेच्या पैलतीरी वाहून नेतो! केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेसाठी असल्या कोचचा मोठाच व्यवसाय चालत असे. एडवर्ड राउथ या एका कोचच्या हाताखालून २७ सीनियर रँग्लर तयार झाले. १८९९ साली याच परीक्षेत पहिला क्रमांक विभागून मिळवणारे र. पु. परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घराघरांत गेला. परीक्षेसाठी घोटून घेण्याच्या या पद्धतीने गणिताची मूळ आवडच मारली जाते, अशी ओरड तेथेही झाली आणि १९०९ नंतर गुणानुक्रमाची ती जाहीर यादीच बंद करण्यात आली. तेव्हा क्लासचे कोचिंग ही काही आपल्याकडची विकृती नव्हे. या शब्दाचा तो जन्मार्थच आहे, असे म्हणावे लागते.

दुसरा अर्थ बराच अलीकडचा. १९७४ साली टिमोथी गॅल्वे या अमेरिकी टेनिस-शिक्षकाने एक छोटे पुस्तक लिहिले. ‘मनगट असे धर, खांदा तसा वळव’ अशा सूचनांचा मारा केला की शिकणारा अधिकच अवघडतो. त्याऐवजी ‘चेंडूवरची शिवण फिरताना दिसते का ते पाहा’ एवढेच सांगितले तर त्याचे लक्ष चेंडूवर राहते आणि हात आपोआप सुधारतो, हे त्याचे निरीक्षण होते. मोटारशर्यतीत नाव कमावलेल्या जॉन व्हिटमोर या इंग्रज गृहस्थाने ही पद्धत ब्रिटनमध्ये नेली आणि १९९२ साली तिला प्रश्नांचा एक क्रम दिला : काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, कोणते मार्ग मोकळे आहेत आणि त्यांपैकी कोणता, केव्हा धरणार. पुढे हे सारे व्यवस्थापनशास्त्राच्या बाजारात गेले. दोन दिवसांची शिबिरे, चकचकीत प्रमाणपत्रे आणि ‘जीवन-प्रशिक्षक’ अशी बिरुदे आली. या पोशाखी भाषेकडे प्राध्यापकवर्गाने संशयाने पाहिले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु भाषा पोशाखी झाली म्हणून मुळातला विचार टाकाऊ ठरत नाही. उलट, त्या विचाराची गरज कंपन्यांच्या वातानुकूलित दालनांपेक्षा तालुक्याच्या महाविद्यालयांतील पत्र्याच्या वर्गखोल्यांना अधिक आहे.

प्रश्न आणि प्रश्नाच्या वेशातील हुकूम

एक प्रसंग कल्पनेने समोर आणावा. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी चाचणीत नापास झाला आहे. वीस किलोमीटरवरच्या गावाहून तो एस.टी.ने येतो. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला तो पहिलाच. शिक्षककक्षाच्या दारात बराच वेळ घुटमळून तो अखेर म्हणतो, ‘सर, कॉस्टिंग जमत नाही.’ यावर आपल्याकडील ठरीव उत्तर सर्वांना पाठ आहे : ‘अभ्यास कर. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडव. मोबाइल बाजूला ठेव.’ सल्ला चुकीचा नाही, आणि देणाऱ्याचा हेतूही वाईट नाही. पण विद्यार्थी जसा आला तसाच परत जातो. फरक एवढाच की, आता त्याच्या अडचणीत अपराधीपणाची भर पडलेली असते.

त्याच विद्यार्थ्याला समजा विचारले, ‘शेवटचे गणित कोणते सोडवायला बसला होतास?’ तो वही उघडतो. ‘यात कोठपर्यंत आलास?’ आता दिसते की, कच्चा माल, मजुरी येथपर्यंत त्याची मांडणी अचूक आहे. गाडी अडते ती अप्रत्यक्ष खर्चाच्या वाटणीवर. आणखी एक प्रश्न विचारला की खरी गोष्ट बाहेर येते. ‘ओव्हरहेड’ या शब्दाचा अर्थ त्याला कधी लागलेलाच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलाने तो शब्द नुसता उतरवून घेतला. वर्गात विचारायची लाज वाटली. कारखान्याचे भाडे आणि रखवालदाराचा पगार प्रत्येक वस्तूच्या किमतीत थोडाथोडा कसा मिसळतो, हे त्याच्याच गावच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊन पाच मिनिटांत सांगता येते. तेवढे अध्यापकाने सांगावे. तेथे ‘तूच शोध’ म्हणणे हा निव्वळ आडमुठेपणा होईल. मग पुढचा प्रश्न : ‘आता काय करायचे ठरवतोस?’ मुलगा थोडा वेळ गप्प राहतो आणि म्हणतो की, बारा वाजता कॉलेज सुटते, गाडी दोनला आहे, बरोबर गावचे आणखी दोघे असतात. ‘मग पहिल्यांदा केव्हा बसता?’ ‘सोमवारी.’ या संभाषणाला दहा-बारा मिनिटे लागतात. सोमवारी ते तिघे बसतील की नाही याची हमी नाही. पण बसले तर तो बेत त्यांचा स्वतःचा असेल, सरांनी लादलेला नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा पद्धतीत अध्यापकाला विषय कमी येत असला तरी चालते, असा सोयीस्कर समज शिबिरे भरवणाऱ्यांनी पसरवला आहे. वस्तुतः ‘कोठपर्यंत आलास’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी विषयावर पक्की पकड लागते. ज्याला कॉस्टिंग येत नाही त्याला त्या वहीत चूक कोठे आहे हे दिसणारच नाही. तो फक्त धीर देऊ शकेल.

प्रश्नाप्रश्नांतही फरक असतो. ‘तू वाचनालयात का जात नाहीस?’ हे वाक्य व्याकरणाने प्रश्न असले तरी अर्थाने दटावणीच आहे. ‘का’ने सुरू होणाऱ्या बहुतेक प्रश्नांना मराठी कानाला आरोपाचा वास येतो. आई-वडिलांपासून हवालदारापर्यंत सर्वांनी आपल्याला ‘का’ विचारूनच उभे केलेले असते. ‘काय’, ‘कोठे’, ‘केव्हा’, ‘किती’ हे शब्द त्या मानाने निरुपद्रवी. त्यांना माहितीने उत्तर देता येते. आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे लागते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांतील विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण फळ्यासमोर उभे राहून ते मूकपणे मोजणे किती जड जाते, हे वर्गावर गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

हे सर्व परदेशातून आले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे जाऊन ब्रह्म म्हणजे काय ते शिकव म्हणतो. वरुण त्याला ते कसे ओळखावे याची खूण सांगतो आणि तप करून जाणून घे म्हणून परत पाठवतो. भृगू ‘अन्न’ हे उत्तर घेऊन येतो, पुन्हा पाठवणी. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. प्रत्येक वेळी पिता ना शाबासकी देतो, ना चूक दाखवतो; पुन्हा जाण्यास सांगतो. पाचव्या खेपेस भृगू आनंदापाशी पोचतो आणि परत विचारायला येण्याची त्याला गरज उरत नाही. अर्थात, हे उदाहरण घेऊन ‘सारे आमच्याकडे आधीच होते’ अशी आरोळी ठोकण्यात अर्थ नाही. कारण तो शिष्य ऋषीचा मुलगा होता. दार त्याला उघडे होते. ज्यांना ते दार शतकानुशतके बंद राहिले, त्यांची मुले आज प्रथमच महाविद्यालयांत येत आहेत, आणि खरा प्रश्न आहे तो त्यांचा.

बर्कलीची साक्ष

याबाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका अनुभवाचा उल्लेख विस्ताराने करायला हवा. १९७०च्या दशकात तेथे गणित शिकणाऱ्या यूरी ट्राइजमन या तरुणाच्या लक्षात आले की, पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णी विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत आहेत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चमकत आहेत. कारणे विचारली तेव्हा प्राध्यापकांकडून ठराविक उत्तरे आली : या मुलांना जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरी शिक्षणाला प्रोत्साहन नाही, घरची गरिबी. आपल्याकडील कोणत्याही शिक्षककक्षात याच चार वाक्यांचे मराठी भाषांतर आजही ऐकू येते. ट्राइजमनने त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊन महिनोन्महिने पाहिले.

चारही समजुती ढासळल्या. नापास होणारी कित्येक मुले आपल्या शाळांत पहिली आलेली होती, घरच्यांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या आणि शिक्षक सांगतील तितके तास ती अभ्यासही करीत होती. परंतु एकटी. अभ्यास वेगळा आणि मित्र वेगळे, अशी भिंत त्यांनी स्वतःभोवती बांधली होती. शाळेत एकट्याच्या कष्टानेच यश मिळाले होते ना! चिनी वंशाची मुले एकटी अभ्यास करून झाल्यावर संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे तपासत आणि एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते गणितच अवघड आहे, आपण मठ्ठ नाही, हे त्यांना त्याच वेळी कळे. एकट्या बसणाऱ्याला हे कळण्याचा मार्गच नव्हता.

यानंतर ट्राइजमनने जे केले ते महत्त्वाचे. त्याने ‘कच्च्या मुलांचे जादा तास’ सुरू केले नाहीत. तसल्या तासांना जाणे म्हणजे कपाळावर शिक्का मारून घेणे, हे तो जाणून होता. त्याने १९७८च्या सुमारास कार्यशाळा सुरू केली ती ‘हुशारांची’ म्हणून, आणि तीत नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली. मुले लहान गटांत त्यांवर झगडत आणि मार्गदर्शक टेबलांमधून फिरत राही; उत्तर सांगण्यासाठी नव्हे, तर ‘येथे काय करून पाहिलेत’ असे विचारण्यासाठी. ज्यांच्याबद्दल आशा सोडण्यात आली होती ते विद्यार्थी या कार्यशाळेतून वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होऊ लागले. पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी हा प्रयोग उचलला.

आकडेवारीच्या साक्षी आणखीही देता येतील. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली असे मांडले की, एकास एक शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. हा दावा पुढे फारच फुगलेला ठरला. २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. तरीही उरला तो नगण्य नव्हता. त्याच वर्षी एरिक बेटिंजर आणि रेचेल बेकर यांनी अमेरिकेतील सुमारे साडेतेरा हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काहींना नियमित दूरध्वनी करून वेळेची आखणी, घरच्या जबाबदाऱ्या, पुढचे उद्दिष्ट यांविषयी बोलते केले जाई. असे विद्यार्थी इतरांच्या तुलनेत सुमारे पाच टक्के अधिक संख्येने शिक्षणात टिकले, आणि दूरध्वनी थांबल्यानंतर वर्षभरानेही हा फरक पुसला गेला नाही. टोरोंटो विद्यापीठातील प्रयोग तर आपल्याला अधिकच जवळचा वाटावा. तेथे काही विद्यार्थ्यांना मोबाइलवर सल्ल्याचे व प्रोत्साहनाचे संदेश पाठवले गेले. थोड्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील विद्यार्थीच प्रत्यक्ष भेटू लागले. संदेशांचा गुणांवर काहीच परिणाम झाला नाही, भेटींचा स्पष्ट झाला. व्हॉट्सॲपच्या गटावर सुविचार आणि सूचना टाकून विद्यार्थ्यांशी ‘संपर्क’ ठेवल्याचे समाधान मानणाऱ्या महाविद्यालयांनी याची नोंद घेतलेली बरी.

वेळ कोठून आणायचा?

हे वाचून कोणीही प्राध्यापक म्हणेल की, एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले, त्यांत असली संभाषणे करायची कोणाशी? आक्षेप रास्त आहे. अनेक महाविद्यालयांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचा अध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावाधाव करून पोट भरतो. त्याला तासाचे पैसे मिळतात. तासानंतर दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचे मिळत नाहीत. ज्याची स्वतःची पुढच्या वर्षीची नोकरी निश्चित नाही, त्याने विद्यार्थ्याला ‘पाच वर्षांनी तू कोठे असशील’ असे विचारावे, यात एक क्रूर विनोद आहे.

दुसरीकडे, कागदावर सर्व काही आहे. ‘नॅक’च्या मूल्यमापनात मार्गदर्शक-अध्यापक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाऊ लागल्यापासून प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी वाटून दिले गेले, नोंदवह्या छापल्या गेल्या. समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात एकाच शाईने वर्षभराच्या भेटी भरल्या जातात, हे उघड गुपित आहे. विद्यार्थ्याला मात्र पुष्कळदा आपला मार्गदर्शक कोण हेच ठाऊक नसते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषय निवडण्याचे बरेच स्वातंत्र्य देऊ केले आहे. त्यामुळे आता मुख्य विषय कोणता, गौण कोणता, तिसऱ्या वर्षी बाहेर पडायचे की चौथे करायचे, असे निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षी घ्यावे लागतात. शहरातील मुलगा हे घरी विचारतो. ज्याच्या घरी विचारण्यासारखे कोणी नाही, त्याच्यासाठी हे स्वातंत्र्य म्हणजे एक लांबलचक, न समजणारा फॉर्म होऊन बसते.

प्रश्नांनी सारे सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली नाही, वसतिगृहात जागा नाही, एस.टी.ची सकाळची फेरी बंद झाली किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुलीचे लग्न ठरले, तर ‘तुझ्यापुढे कोणते पर्याय आहेत’ हे विचारणे शहाणपणाचे नसून चेष्टेचे होईल. तेथे प्राचार्यांनी आगाराकडे, समाजकल्याण कार्यालयाकडे आणि प्रसंगी मुलीच्या वडिलांकडे गेले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात आधी पोरांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय लावली. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्या अन्नावर उभी होती. तसेच, खोल निराशेत बुडालेला विद्यार्थी समोर आला तर अध्यापकाने मानसोपचारतज्ज्ञाचा आव आणू नये. वेळीच ओळखणे आणि योग्य जागी पोचवणे एवढेच त्याचे काम. आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षककक्षातील चहाबरोबर चर्चेला न घेणे, हेही.

मात्र अडचणींची यादी पुढे करून काहीच न करण्याचे समर्थन होत नाही. शंभरांच्या वर्गातही दहा मिनिटे व्याख्यान थांबवून चौघाचौघांना एक कठीण उदाहरण देता येते आणि बाकांमधून फिरता येते. टोरोंटोप्रमाणे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना थोडी तयारी देऊन पहिल्या वर्षाच्या पाच-पाच मुलांशी जोडून देता येते. गावाकडून आलेल्या मुलीला प्राध्यापकापेक्षा आपल्याच बसने येणाऱ्या ताईशी बोलणे कितीतरी सोपे जाते. मग त्या ताईला ‘कमवा आणि शिका’तून त्याचे मानधन का देऊ नये? ग्रंथालयात पुस्तके पुसण्यापेक्षा हे काम कमी प्रतीचे खासच नाही.

उरतो तो अध्यापकाच्या वेळेचा हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. विद्यार्थ्यांशी लहान गटांत वा एकेकट्याने बोलण्यासाठी ठेवलेले दोन तास त्या सोळांत धरावेत, तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्यांचे मोल मिळावे आणि वेळापत्रकात ते खोली क्रमांकासह छापले जावेत, एवढी तरतूद करण्यास फार मोठा निधी लागत नाही. प्राध्यापकांच्या संघटनांनी वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन यांसाठी दीर्घ लढे दिले, ते योग्यच होते. येत्या जूनमध्ये वेळापत्रके आखली जातील तेव्हा त्यांच्या मागण्यांच्या पत्रकात या दोन तासांचे कलम घातले गेले, तर विद्यापीठांच्या विद्यापरिषदांना त्यावर निदान लेखी उत्तर द्यावे लागेल.